मार्कस डेलीला तांबं नशिबानं लागलं, की त्यानं ते ओळखलं?

प्रश्न असा आहे: आयर्लंडहून पंधराव्या वर्षी एकटा अमेरिकेत आलेला मार्कस डेली मोंटानातल्या एका आडगावातून जगातला मोठा तांबे-उद्योजक कसा झाला? चांदी खणायला गेला आणि खाली तांबं निघालं, म्हणजे निव्वळ नशीबच नाही का? आणि जे ॲनाकोंडा गाव त्यानं वसवलं, त्याचं त्यानं भलं केलं की वाटोळं?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. तांब्याचं खनिज दळणं, वेगळं करणं आणि वितळवणं या कामात माझी तीस वर्षं गेली. सुरुवातीची काही वर्षं गोंदियापलीकडच्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर होतो. पुढे कामानिमित्त मोंटानात जाणं झालं, तेव्हा ब्यूट आणि ॲनाकोंडा ही दोन्ही गावं पायी फिरून पाहिली. त्यामुळे माझं उत्तर धातुकामाच्या अंगानं जाईल. डेलीबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याच्या राजकारणात आणि घोड्यांत रमतात. माझ्या मते तो माणूस समजायचा असेल तर आधी त्या डोंगरातला खडक समजून घ्यायला हवा.

डेलीचा जन्म ५ डिसेंबर १८४१चा. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यात बॅलीजेम्सडफ नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारचं डेरीली. घर लहान शेतकऱ्याचं. तो चार वर्षांचा असताना बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, जवळपास तेवढीच देश सोडून निघाली. त्या दुष्काळात वाढलेलं हे पोर १८५६मध्ये न्यूयॉर्कला उतरलं. शिक्षण जेमतेम, हातात कसब नाही. पडेल ते काम त्यानं केलं: निरोप पोचवणं, तबेल्यात घोडे सांभाळणं, गोदीत माल उतरवणं.

कॅव्हन हा शेतीचा मुलूख आहे, खाणींचा नाही. पुढे ब्यूटला जे आयरिश आले, त्यांतले पुष्कळ जण बेआरा द्वीपकल्पातल्या अलिहीझ गावचे होते. तिथे तांब्याच्या खाणी होत्या आणि त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालचं काम ठाऊक होतं. डेलीला तसा वारसा नव्हता. त्याला जे आलं ते सगळं अमेरिकेत, खाली उतरून, हातानं शिकून आलं.

न्यूयॉर्कहून तो बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेला. तिथून सोन्याच्या खाणीत आणि मग नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत, कॉमस्टॉकच्या चांदीवर. ही त्याची खरी शाळा. कॉमस्टॉकची शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, काही ठिकाणी इतकी रुंद आणि ठिसूळ होती, की नेहमीचे टेकू देऊन छत धरून राहायचं नाही. १८६०मध्ये फिलिप डाइडेशायमर नावाच्या जर्मन अभियंत्यानं त्यावर उपाय काढला. जाड ओंडक्यांच्या चौकटी करायच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकीवर एक, एकीशेजारी एक रचायच्या आणि गरज पडेल तिथे मुरूम-दगडानं भरून टाकायच्या. या पद्धतीनं कितीही रुंद शीर काढता येते, पण लाकूड अक्षरशः जंगलं जंगलं लागतं. डेलीनं हे स्वतःच्या हातांनी उभारलं आहे. तिथेच त्याची ओळख जॉन मॅकायशी झाली. मॅकाय डब्लिनचा, तोही मजुरीपासून सुरू करून पुढे कॉमस्टॉकच्या धनाढ्यांत गेलेला. त्यानं या पोरातला गुण हेरला आणि त्याला मुकादम केलं.

पुढचा टप्पा युटाचा. सॉल्ट लेक सिटीचे वॉकर बंधू बँकवाले आणि खाणमालक होते. त्यांच्याकडे डेली खाणीचा कारभारी झाला. तिथेच १८७२मध्ये मार्गारेट एव्हन्सशी त्याचं लग्न झालं. याच काळात जॉर्ज हर्स्ट या खाणव्यवसायातल्या बड्या गुंतवणूकदाराशी त्याचा परिचय वाढला. पार्क सिटीची ऑन्टेरिओ खाण हर्स्टनं घेतली ती डेलीच्या सांगण्यावरून, असं म्हणतात. ती खाण भरपूर फळली. आमच्या धंद्यात एखाद्याचा शब्द एकदा खरा ठरला की पुढच्या वेळी त्याला कागद मागत नाहीत. डेलीच्या पुढच्या आयुष्यात हे फार उपयोगी पडलं.

१८७६मध्ये वॉकर बंधूंनी त्याला मोंटानात ब्यूटला पाठवलं, ॲलिस नावाची चांदीची खाण पाहून यायला. खाण घेण्यासारखी आहे असं त्यानं कळवलं, त्यांनी ती घेतली, कारभार त्याच्याकडे दिला आणि त्यात त्यालाही लहानसा हिस्सा मिळाला. तेव्हाचं ब्यूट म्हणजे सोनं संपल्यावर उतरणीला लागलेलं आणि आता चांदीवर जीव धरू पाहणारं एक उघडंबोडकं डोंगरगाव.

त्या डोंगरावर मायकेल हिकी नावाच्या माणसाचा ॲनाकोंडा हा क्लेम, म्हणजे खणण्याचा हक्क नोंदवलेला जमिनीचा तुकडा, होता. हिकी अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला. उत्तरेचं सैन्य शत्रूला ॲनाकोंडा या अजगरासारखं वेढून आवळेल, असं त्यानं युद्धाच्या दिवसांत वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते नाव डोक्यात राहिलं आणि खाणीला दिलं. गंमत अशी, की दक्षिण अमेरिकेतल्या एका सापाचं नाव अशा वाटेनं रॉकी पर्वतातल्या खाणीला, मग गावाला आणि शेवटी एका जागतिक कंपनीला मिळालं. डेलीनं ॲलिसमधला हिस्सा विकला आणि हा क्लेम घेतला. वॉकर बंधूंना त्यात रस नव्हता. मग तो हर्स्टकडे आणि त्याचे भागीदार जेम्स बेन अली हॅगिन व लॉइड टेविस यांच्याकडे गेला. १८८१मध्ये चौघांची भागीदारी जमली. पैसा त्या तिघांचा, काम डेलीचं.

आता नशिबाचा मुद्दा. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण या गोष्टीचा गाभा इथेच आहे.

तांब्याच्या सल्फाइड खनिजाची शीर जमिनीपर्यंत आलेली असली की लाखो वर्षं पाऊस तिच्यावर काम करत राहतो. पाणी आणि हवा मिळून सल्फाइड कुजवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते तांबं विरघळवून खाली घेऊन जातं. वर उरतो लोखंडाचा गंज चढलेला, पोकळ, तांबूस-पिवळा खडक. त्याला आम्ही गॉसन म्हणतो. या गॉसनमध्ये तांबं जवळपास नसतं, पण चांदी मात्र पुष्कळदा मागे राहते. खाली गेलेलं तांबं भूजलाच्या पातळीपाशी पोचलं की तिथल्या ताज्या सल्फाइडवर पुन्हा बसतं आणि तिथे चाल्कोसाइट नावाचं काळं-करडं खनिज तयार होतं. शुद्ध चाल्कोसाइटमध्ये वजनाच्या जवळपास ८० टक्के तांबं असतं. साध्या मूळ खनिजात, म्हणजे चाल्कोपायराइटमध्ये, ते सुमारे ३५ टक्केच असतं. म्हणजे वरचा गंज हा एका अर्थी झाकण असतो आणि पावसानं लाखो वर्षं गोळा केलेला साठा त्याच्या खाली भरून ठेवलेला असतो. मलाजखंडलाही वर हाच गंजलेला थर आणि खाली काळं खनिज आहे. मी पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा आमच्या जुन्या फोरमननं नखानं ओरखडा काढून दाखवला होता. इतकं मऊ आणि इतकं जड, की एकदा हातात घेतलेला माणूस ते पुढे विसरत नाही.

डेलीच्या काळी हे शास्त्र पुस्तकात आलेलं नव्हतं. या दुय्यम समृद्धीवर भूवैज्ञानिकांनी नीट लिहिलं ते १९००च्या आसपास, डेलीच्या शेवटच्या दिवसांत. पण वीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाला खडकाचा पोत, त्याचं वजन, घण मारल्यावर येणारा आवाज, फुटलेल्या कडेची चकाकी या गोष्टी बोलतात. ॲनाकोंडा खाणीत वरची चांदी पातळ होत गेली. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खाली जात राहिला आणि १८८२मध्ये सुमारे तीनशे फुटांवर काळी, जड शीर लागली. चांदी शोधणाऱ्या दुसऱ्या कोणी तिथे डोक्याला हात लावला असता. चांदी संपली, तांब्याला कोण विचारतं, ते काढायला भट्टी कुठे आहे, असं म्हणून खाण विकली असती. ब्यूटला असं करणारे होते.

डेलीनं काय केलं? बातमी बाहेर पडू दिली नाही आणि आजूबाजूचे क्लेम विकत घेतले. सेंट लॉरेन्स आणि नेव्हरस्वेट त्यांतलेच. मग त्यानं हॅगिनला सांगितलं की आता चांदीचं विसरा, लाखो डॉलर लागतील, मोठी भट्टी उभारू. आणि हॅगिननं पैसे दिले. डोंगर न पाहता, मुख्यतः डेलीच्या शब्दावर. वर म्हटलं तो जुना शब्द इथे वटला.

म्हणून नशीब म्हणाल तर ते मी वेळेत पाहतो. सप्टेंबर १८८२मध्ये न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवर एडिसननं वीजकेंद्र सुरू केलं. त्याच वर्षी ब्यूटला काळी शीर लागली. दिवे, तारायंत्र, टेलिफोन, विजेच्या मोटर, जनित्रं, सगळ्याला तांब्याची तार. दहा वर्षं आधी ती शीर लागली असती तर बाजार इतका भुकेला नसता. ही सांगड कोणाच्याच हातातली नव्हती. पण काळा दगड पाहून त्याची किंमत कळणं, तोंड मिटून ठेवणं आणि लांबच्या धनवानाला पटवणं या तीन गोष्टी नशिबाच्या खात्यात घालता येत नाहीत.

सुरुवातीचं खनिज इतकं श्रीमंत होतं की ते गाड्यांनी आणि जहाजांनी थेट वेल्समधल्या स्वान्सीला पाठवूनही परवडलं. स्वान्सी तेव्हा तांबं वितळवण्याची जगाची राजधानी होती. पण अर्धं जग ओलांडून दगड पाठवणं फार दिवस चालणार नव्हतं. स्वतःची भट्टी हवी, आणि इथे डेलीनं जो निर्णय घेतला तो मला त्याच्या आयुष्यातला सर्वांत व्यावसायिक निर्णय वाटतो. भट्टी त्यानं खाणीशेजारी बांधली नाही.

कारण पाणी. खनिज दळून, धुऊन, जड भाग वेगळा काढायला पाणी भरपूर लागतं. ब्यूटच्या डोंगरावर ते नव्हतं. पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर वॉर्म स्प्रिंग्स नावाचा ओढा वाहतो, शेजारी चुनखडी आहे, वर जंगल आहे. तिथली कुरणं त्यानं विकत घेतली. गावाचा मुख्य रस्ता कुठून कसा काढायचा असं विचारल्यावर त्यानं लांब चरणाऱ्या एका गाईकडे बोट दाखवून, इथून सरळ त्या गाईपर्यंत, असं सांगितल्याची आठवण ॲनाकोंडात अजून सांगतात. गावाला आधी कॉपरोपोलिस म्हणायचं ठरलं होतं, पण मोंटानात त्या नावाचं ठिकाण आधीच निघालं, म्हणून पोस्टमास्तरनं ॲनाकोंडा सुचवलं. १८८३मध्ये गाव आखलं गेलं आणि १८८४च्या सप्टेंबरात भट्टी पेटली.

लगेचच मिशिगनच्या सुपीरियर सरोवराकाठच्या जुन्या तांबेवाल्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. त्यांचं तांबं शुद्ध धातूच्या रूपात खडकात सापडायचं, त्यामुळे त्यांना वाटलं हा लांबचा, गंधकानं भरलेला माल टिकणार नाही. डेलीनं मागे हटण्याऐवजी भट्टी वाढवली आणि टनामागचा खर्च खाली आणला. १८९०च्या दशकात ॲनाकोंडा जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे उत्पादकांत गणली जाऊ लागली. रेल्वेवाल्यांशी भाड्यावरून वाजलं, तर १८९२मध्ये त्यानं ब्यूट, ॲनाकोंडा अँड पॅसिफिक ही स्वतःची रेल्वे सुरू केली. कोळसा हवा तर कोळशाच्या खाणी घेतल्या. चौकटींना लाकूड हवं होतं, तर बिटररूट खोऱ्यात लाकूडकटाईचा कारखाना घातला आणि त्याभोवती १८९०मध्ये हॅमिल्टन हे आणखी एक गाव आखलं. कॉमस्टॉकला तरुणपणी उभारलेल्या त्या लाकडी चौकटी अशा रीतीनं दुसऱ्या राज्यात एक गाव वसवून गेल्या. सरकारी जमिनीवरची झाडं बेकायदा तोडल्याचे खटलेही त्याच्यामागे लागले, तेही नमूद केलं पाहिजे.

ॲनाकोंडा गावावर त्याचा जीव होता. १८८९मध्ये त्यानं तिथे मोंटाना हॉटेल बांधलं. एवढ्याशा गावाला शोभणार नाही इतकं मोठं, कारण हे गाव राज्याची राजधानी होणार असं त्याच्या मनात होतं. बारच्या लाकडी जमिनीत त्याच्या टॅमनी या लाडक्या शर्यतीच्या घोड्याचं मुंडकं वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून केलं होतं. त्यावर ज्याचा पाय पडेल त्यानं सगळ्यांना पेय पाजायचं असा रिवाज होता. त्याच वर्षी त्यानं ॲनाकोंडा स्टँडर्ड हे दैनिक काढलं, पूर्वेकडून संपादक आणला, पैसा ओतला, आणि कोपऱ्यातल्या गावातून साऱ्या वायव्य अमेरिकेत नावाजलेलं वर्तमानपत्र निघू लागलं. हर्स्टच्या विधवेनं, फीबी हर्स्टनं, गावाला वाचनालय बांधून दिलं. ते १८९८चं, आणि अजून चालू आहे.

त्याच्या आयरिशपणाबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आयरिश माणसाला काम नाकारण्याचे दिवस होते ते. डेलीच्या खाणीत उलट, आयरिश असणं हीच शिफारस होती. पत्र गावी जायचं, भाऊ, चुलतभाऊ, शेजारी निघायचे आणि न्यूयॉर्कला न थांबता थेट ब्यूटला उतरायचे. आपल्याकडे कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत गाववाल्याच्या ओळखीनं चिकटायचा, तसंच. १९००च्या सुमारास ब्यूट परिसरात दर चार माणसांत एक आयरिश वंशाचा होता. हे प्रमाण बोस्टनपेक्षाही जास्त. याची झळ कॉर्निश, म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या, खाणकामगारांना बसली. तेही कसबी होते, पण डेलीच्या खाणींत त्यांना मागे राहावं लागलं. त्या चिडीतून दोन्ही समाजांत बरीच भांडणं झाली.

तो कामगारांचा कैवारी होता असं सरसकट म्हटलं जातं, तिथे मी जरा थांबेन. दिवसाला साडेतीन डॉलर ही ब्यूटची मजुरी त्या काळी फार चांगली होती आणि डेलीच्या हयातीत त्याच्या खाणींत मोठा संप झाला नाही, हे खरं. तो खाली उतरायचा, नावानं हाक मारायचा, मुकादमाचं काम स्वतः केलेलं असल्यानं कुठल्या कामाला किती घाम लागतो हे त्याला सांगावं लागत नसे. पण १८७८मध्ये ब्यूटला पहिली कामगार संघटना उभी राहिली ती साडेतीनचे तीन डॉलर करायच्या प्रयत्नाविरुद्ध, आणि ज्या दोन खाणींत हा प्रयत्न झाला त्यांतली एक ॲलिस होती, जिचा कारभारी डेली होता. कामगारांनी ती कपात हाणून पाडली. साडेतीन डॉलर टिकले त्यात डेलीच्या मनाइतकाच त्या संघटनेचा हात होता. नंतर त्यानं संघटनेशी पटवून घेतलं, यात त्याचा शहाणपणा मी मानतो.

विल्यम क्लार्कबरोबरचं त्याचं वैर फार गाजलं. क्लार्क पेन्सिल्वेनियाचा, बँकवाला, ब्यूटमधलाच दुसरा तांबेसम्राट. दोघंही डेमोक्रॅट. तरी १८८८च्या निवडणुकीत डेलीच्या माणसांनी क्लार्कविरुद्ध मतं टाकली आणि तो पडला. १८९४मध्ये राजधानी कुठे करायची यावर मतदान झालं. डेलीचा पैसा ॲनाकोंडाच्या बाजूनं, क्लार्कचा हेलेनाच्या. ॲनाकोंडा दोन हजारांहून कमी मतांनी हरलं. हॉटेलच्या रिकाम्या मजल्यांना तेव्हापासून कधी राजधानीचा पाहुणा मिळाला नाही. १८९९मध्ये क्लार्क सिनेटवर गेला तो आमदारांना लाच देऊन. डेलीच्या गोटानं ते प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत लावून धरलं आणि क्लार्कला जागा सोडावी लागली. अमेरिकेत सिनेटर थेट जनतेनं निवडावेत अशी घटनादुरुस्ती १९१३मध्ये झाली, त्यामागच्या उदाहरणांत मोंटानाचं हे प्रकरण होतं. पण दोघांनी मिळून एका नव्या राज्याचं राजकारण पैशानं नासवलं. यात डेलीला सूट द्यावी असं मला वाटत नाही.

घोड्यांबद्दल थोडक्यात. हॅमिल्टनजवळ त्याचं हजारो एकरांचं घोड्यांचं शेत होतं. उंचावरच्या विरळ हवेत वाढलेल्या घोड्याची छाती मोठी होते असा त्याचा विश्वास होता. त्याचा स्कॉटिश चीफटन १८९७चा बेलमाँट स्टेक्स जिंकला. मोंटानात जन्मलेल्या दुसऱ्या कुठल्याही घोड्यानं ती शर्यत जिंकलेली नाही.

१८९९मध्ये त्यानं कंपनी स्टँडर्ड ऑइलच्या हेन्री रॉजर्स आणि विल्यम रॉकफेलर यांच्या गटाला दिली. ॲमॅलगमेटेड कॉपर नावाची मोठी मक्तेदार कंपनी उभी राहिली आणि डेली तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण प्रकृती खालावली होती. १२ नोव्हेंबर १९०० रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, वयाच्या ५८व्या वर्षी तो गेला. माझ्या दृष्टीनं गावाचं दुर्दैव इथून सुरू झालं. मालक गावात राहणारा होता तोवर रागही त्याच्यावर काढता येत होता, अर्जही त्याच्याकडे नेता येत होता. आता निर्णय न्यूयॉर्कच्या कचेरीत होऊ लागले. १९०३मध्ये एका कोर्टकज्ज्यात विधिमंडळाला वाकवण्यासाठी कंपनीनं मोंटानातलं जवळपास सगळं काम बंद केलं. हजारो माणसं एका दिवसात घरी बसली आणि विधिमंडळाला हवा तो कायदा करावा लागला.

आता भलं की वाटोळं, याचं उत्तर. ते धुरात आहे.

ब्यूटच्या खनिजात तांब्याबरोबर गंधक तर आहेच, आर्सेनिकही भरपूर आहे. वितळवण्याआधी खनिज भाजावं लागतं. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि आर्सेनिकची पांढरी वाफ उठते, जी थंड झाली की धूळ होऊन जमिनीवर बसते. ब्यूटला आधी हे भाजणं उघड्यावर चालायचं. लाकडाच्या थरांवर खनिजाचे ढीग रचून आठवडेच्या आठवडे धुमसत ठेवायचे. भर दुपारी दिवे लावावे लागत, झाडं उरली नव्हती. रहिवासी त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्याच सुमारास क्लार्क राज्यघटना समितीत उभा राहून म्हणाला होता की धुरातल्या आर्सेनिकनं बायकांचा रंग उजळतो. डेलीनं भट्टी ॲनाकोंडाला नेल्यानं ब्यूटचा धूर पुढे कमी झाला खरा, पण तो नाहीसा झाला नाही, गाव बदललं.

डेलीच्या पश्चात १९०२मध्ये ॲनाकोंडाला खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वॉशो ही नवी प्रचंड भट्टी सुरू झाली आणि काही महिन्यांत डीअर लॉज खोऱ्यातली गुरं आणि घोडे मरायला लागले. गवतावर आर्सेनिक बसत होतं. कंपनीनं भरपाई दिली, उंच धुरांडं बांधलं, तरी जनावरं मरत राहिली. शेतकरी कोर्टात गेले आणि हरले. भट्टी बंद केली तर राज्याचा पोटाचा धंदा बुडेल, हा युक्तिवाद वरचढ ठरला. १९१९मध्ये विटांचं ५८५ फूट उंच धुरांडं उभं राहिलं. वॉशिंग्टनचं स्मारक त्याच्या आत उभं केलं तर वरचं टोक बाहेर दिसणार नाही, एवढं उंच. वायू उंचावर सोडला की जवळ कमी बसतो, पण दूरवर पसरतो. धूळ पकडायची यंत्रणाही त्याच्याबरोबर बसवली होती, तिचा उपयोग झाला. पकडलेलं आर्सेनिक कंपनीनं विकलंही. पण गंधकाचा वायू सुटतच राहिला.

मी स्वतः भट्टीच्या खाली काम केलं आहे. वाऱ्याची दिशा बदलली की घशात जी खवखव होते, ती माहीत आहे. त्यामुळे त्या काळी कोणाला कळत नव्हतं, हा बचाव मला पटत नाही. शास्त्र अपुरं होतं, पण मेलेली गुरं आणि उजाड डोंगर दिसायला शास्त्र लागत नाही. डेलीकडे बोट दाखवायचं तर मी या धुरापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीसाठी दाखवेन. त्यानं सगळं गाव एका भट्टीला टांगलं. हॉटेल, वर्तमानपत्र, रेल्वे, पगार, दुकानदाराची उधारी, शाळेचा कर, सगळं तिथूनच. दुसरा उद्योग आणायची ताकद आणि पैसा त्याच्याकडे होता. हॅमिल्टनला शेती आणि बागाईत उभी राहिली, म्हणून ते गाव लाकूड संपल्यावरही तगलं. ॲनाकोंडाला तसं काही नव्हतं.

२९ सप्टेंबर १९८० रोजी, सोमवारी, त्या वेळच्या तेल-कंपनी मालकांनी भट्टी बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे हजार माणसांचं काम गेलं, नऊ-दहा हजारांच्या गावात. १९८३मध्ये सरकारनं हा सगळा परिसर देशातल्या सर्वांत प्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातला आणि घरांच्या अंगणातली माती उकरून बदलण्याचं काम सुरू झालं. डेलीच्या पहिल्या भट्टीची जागा मातीनं झाकून तिथे १९९७मध्ये गोल्फचं मैदान केलं. वाळूच्या खड्ड्यांत पांढऱ्या वाळूऐवजी भट्टीची काळी काचेरी मळी घातली आहे. मी ती मूठभर उचलून पाहिली. बारीक, टोकदार, जड. तिच्यात अजून थोडं तांबं आहे, आजच्या पद्धतीनं आम्ही इतकं सोडलं नसतं.

भलं की वाटोळं, तर माझं मत असं, की पहिली चाळीस-पन्नास वर्षं त्यानं हजारो उपाशी घरांना पोट दिलं, आणि ते कमी लेखणाऱ्यानं आयर्लंडमधला तो दुष्काळ डोळ्यांसमोर आणावा. पुढची भरपाई मात्र गावानं एकट्यानं केली.

तिकडे कोणी जाणार असेल तर ब्यूटला खाणशास्त्राच्या कॉलेजाच्या दारात डेलीचा ब्राँझचा पुतळा आहे, तो पाहा. ऑगस्टस सेंट-गॉडन्सनं घडवलेला, १९०६चा, त्याच्या शेवटच्या कामांतला. शिल्पकार स्वतः डब्लिनला जन्मलेला, आईकडून आयरिश. त्यानं डेलीच्या हाती ना सोन्याची काठी दिली आहे ना कागदांचा गठ्ठा. टोपी हातात, कोट दंडावर, पाऊल टाकून निघायच्या बेतातला माणूस आहे. मग ॲनाकोंडाला या. हॉटेल अर्धं पाडलं गेलं आहे, वाचनालय आहे, मुख्य रस्ता अजून त्या गाईच्या दिशेनंच जातो. आणि गावात कुठेही उभे राहिलात तरी टेकडीवर धुरांडं दिसतं. पाडायचं ठरलं होतं, लोकांनी ते वाचवलं, आता ते राज्याचं संरक्षित ठिकाण आहे. त्याच्या पायथ्याशी मात्र कोणाला जाऊ देत नाहीत. मातीत आर्सेनिक आहे, लांबूनच पाहावं लागतं.